रविवार कोणी दिला?



आज मी तुमच्याशी यंत्राविषयी बोलणार आहे. पण सुरुवात यंत्रापासून न करता रविवारापासून करतो.

शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा, ‘आठवड्यातला तुझा आवडता वार कोणता?’ उत्तर ठरलेले आहे. आता हाच प्रश्न त्याच्या आजोबांना विचारा. ते जन्मभर शेतात राबलेले असतील, तर हसतील आणि म्हणतील, ‘अरे, आम्हांला कसला रविवार? गाय काय रविवारी दूध द्यायची थांबते?’ खरेच आहे. शेतकऱ्याचे औत सुटे ते अमावास्येला, बेंदराला, पोळ्याला. कुंभाराचे चाक थांबे ते पावसाळ्यात. कोष्ट्याचा माग थांबे तो सणाला, नाहीतर घरात लग्नकार्य निघाले तर. हाताने काम करणाऱ्या आपल्या समाजाला विश्रांती ठाऊक होती, पण वार मोजून येणारी सुट्टी ठाऊक नव्हती.

मग हा रविवार आला कुठून? कचेऱ्यांत तो इंग्रज राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ आला. पण मुंबईच्या कापडगिरण्यांत, जिथे हजारो माणसे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत होती, तिथे तो आपणहून आला नाही. तो मागावा लागला, आणि एकदा नव्हे, सहा वर्षे मागावा लागला. विश्रांती ही मागून घेण्याची वस्तू केव्हापासून झाली? हाताचे काम यंत्राकडे गेले आणि समाज बदलला, असे आपण पुस्तकात वाचतो. त्या बदलाचे मर्म मला या एका प्रश्नात दिसते.

प्रथम जुने घर डोळ्यांपुढे आणू या. साळी, कोष्टी, मोमीन अशा कुठल्याही विणकराचे घर घ्या. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग. घरधनी मागावर बसलेला. बायको कांड्या भरते आहे, मुलगा तुटलेला धागा सांधतो आहे, म्हातारी दाराशी बसून सूत उकलते आहे. या मागाला सूत लागते ते गावोगावच्या बायांनी कातलेले. एका विणकराचा माग चालायचा, तर निदान चार-पाच चरखे फिरावे लागत. म्हणजे कापडाच्या एका ठाणात कित्येक घरांचा हात असे.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विणकर सावकाराच्या कर्जात असे, आणि कोणी कोणते काम करायचे हे जन्मानेच ठरलेले असे. पण एक गोष्ट मात्र त्याच्या हाती होती. उठायचे केव्हा, थांबायचे केव्हा, पाहुणा आला तर माग किती वेळ बंद ठेवायचा, हे तो स्वतः ठरवी. काम घरात होते, म्हणून कामाचा वेळही घराचा होता.

हे बदलायला सुरुवात झाली इंग्लंडात. १७३३ साली जॉन के नावाच्या माणसाने धावता धोटा काढला. दोरीला हिसका दिला की धोटा आपोआप या टोकाहून त्या टोकाला धावे. विणणे झपाट्याने होऊ लागले, आणि सूत पुरेना. ही अडचण जेम्स हारग्रीव्ह्ज याने १७६४ च्या सुमारास सोडवली. त्याने असा चरखा केला की एक चाक फिरवले म्हणजे एकदम आठ चात्यांवर सूत निघे. या यंत्राला ‘जेनी’ म्हणतात. तोवरही फारसे बिघडले नव्हते, कारण लहान जेनी झोपडीतही मावत होती.

खरे वळण पुढे आहे. रिचर्ड आर्कराइट याने १७७१ मध्ये क्रॉमफर्ड या खेड्यात पाण्याच्या चाकावर चालणारी सूतगिरणी उभारली. पाण्याचे चाक काही प्रत्येकाच्या अंगणात बसवता येत नाही. त्यामुळे यंत्र कामगाराच्या घरी जाईना. कामगारालाच यंत्राच्या घरी यावे लागले. पुढे वाफेचे इंजिन आले आणि गिरण्या नदीकाठ सोडून मँचेस्टरसारख्या शहरांत गोळा झाल्या.

तुम्ही म्हणाल, कामाची जागा बदलली, त्यात एवढे काय? श्रोतेहो, तिथेच सगळे आहे. घरातला चरखा बाई थांबवू शकते. पोर रडले की ती उठते. गिरणीचे चाक पोराच्या रडण्याने थांबत नाही. इंजिन पेटले की प्रत्येक मिनिटाला कोळसा जळतो, म्हणून मालकाला वाटते की ते सतत चालावे. माणूस यंत्राच्या वेळेला बांधला गेला. घंटा आली, उशिराबद्दल दंड आला. ज्या मुलांनी घरी आईबापांच्या हाताखाली काम केले असते, ती मुले परक्या माणसाच्या देखरेखीखाली यंत्राखाली वाकून कापूस झाडू लागली. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की कापडगिरणीत नऊ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये. शिक्षक बंधुभगिनींनो, असा कायदा करावा लागला, यावरूनच तोवर काय चालले होते ते ओळखा. याच कायद्याने लहान कामगार मुलांना रोज दोन तास शाळेत पाठवण्याचे बंधन घातले.

हातमागावरच्या विणकरांचे काय झाले? ब्रिटनमध्ये १८१३ साली सुमारे २,४०० यंत्रमाग होते. वीस वर्षांनी, १८३३ साली, ते एक लाखावर गेले. हातमागवाल्याची मजुरी वर्षागणिक घसरली. १८११ साली नॉटिंगहॅमच्या बाजूला मोजे विणणारे कारागीर रात्री टोळ्या करून यंत्रे फोडू लागले. नेड लड या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावावरून त्यांना ‘लडाइट’ म्हणत. १८१२ साली सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवली. आजही नव्या यंत्राला कोणी नाक मुरडले की त्याला हेच नाव देतात. पण ते अडाणी नव्हते. यंत्र काय करते हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते? त्यांची तक्रार होती मजुरी पाडण्याविरुद्ध आणि हलका माल काढून धंदा बुडवण्याविरुद्ध. ती मांडायला त्यांना दुसरी जागा नव्हती, कारण कामगारांनी संघटना करणे त्या काळी तिथे बेकायदा होते.

आता आपल्या देशाकडे वळू. मँचेस्टरचे सूत जहाजात बसून इथे आले, तेव्हा इथे काय झाले? आकड्यांपेक्षा एका बाईची हकीकत सांगतो. १८२८ साली एका बंगाली वर्तमानपत्रात शांतिपूर गावच्या एका सूत कातणारीचे पत्र छापून आले. ऐन तारुण्यात ती विधवा झाली. पदरी तीन मुली, घरात म्हातारे सासूसासरे, जवळ काही नाही. दागिने विकून नवऱ्याचे दिवस केले. मग तिने चरखा धरला. विणकर घरी येऊन रोख पैसे देऊन सूत घेऊन जात. त्या सुतावर तिने मुलींची लग्ने केली, सासऱ्यांचे श्राद्ध केले, कोणापुढे हात पसरला नाही. पण पुढे विणकर यायचे थांबले. बाजारात तिच्या सुताला पूर्वीच्या चौथाईनेही कोणी विचारीना. लोक म्हणाले, विलायतेहून सूत आले आहे. तिला वाटले, विलायतेच्या बायका माझ्याहूनही गरीब असल्या पाहिजेत, नाहीतर इतके कष्टाचे सूत इतक्या स्वस्तात त्या कशाला विकतील?

श्रोतेहो, हे वाचताना माणूस क्षणभर थबकतो. तिच्या डोळ्यांपुढे यंत्र नव्हतेच. सूत म्हणजे कोणातरी बाईचे कष्ट, एवढेच तिला माहीत होते. आणि एका अर्थी तिचे चुकलेही नव्हते. त्या स्वस्त सुतामागे गिरणीत राबणाऱ्या बाया आणि मुले होतीच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेच स्वस्त सूत आपल्या कित्येक विणकरांनी मागावर चढवले आणि हातमाग तगून राहिला. कापड स्वस्त झाले, आणि ज्याच्याजवळ एकच धोतर होते त्याला दुसरे घेता येऊ लागले. यंत्राने कातणारीचे पोट मारले आणि उघड्याला कापड दिले. दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या. एक सांगून दुसरी झाकणे बरोबर नाही.

मग मुंबईत यंत्र आले. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. त्या चालवायला माणसे आली घाटावरून आणि त्याहून अधिक कोकणातून. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी निम्म्याच्या आसपास लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आजचा सिंधुदुर्गाचा बराचसा मुलूख तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडे.

कोकणातल्या श्रोत्यांना पुढचे सांगायला नको. ‘चाकरमानी’ हा शब्द तुमच्या घरातलाच आहे. तरणा गडी बोटीत बसून मुंबईला जाई. चाळीतल्या एका खोलीत दहा-बाराजण पथारी टाकत. एका पाळीचा उठला की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा आडवा होई. जेवण खाणावळीत, आणि ती खाणावळ बहुधा गावाकडच्याच एखाद्या बाईने चालवलेली. टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली, आणि गावाकडचे घर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागले. शेत, गुरे, म्हातारी माणसे, पोरे हे सगळे ओझे गावी राहिलेल्या बाईच्या डोक्यावर पडले. नवराबायको वर्षातून शिमग्याला किंवा गणपतीला भेटू लागली. पूर्वी एका छपराखाली चालणारे घर आता दोन गावांत फाटून चालू लागले.

यंत्राने माणसे जवळही आणली. निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या जातींची माणसे एका खात्यात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. कित्येकांना वाटले, आता यंत्रच जातिभेद मोडील. पण तसे झाले नाही. गिरणीत विणाई खात्यातले काम जास्त मजुरीचे. तिथे धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याला चालणार नाही, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. यंत्र विलायती आणि अगदी नवे होते, पण त्याच्याभोवती उभी असलेली माणसे जुनीच होती. जे माणसांनी मोडायचे, ते यंत्र मोडून देत नाही.

आता आपण आपल्या रविवाराशी येऊन पोचलो. पहिल्या गिरण्यांत वीज नव्हती. उजाडले की भोंगा वाजे आणि मावळेपर्यंत साचे चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्याची ठरावीक सुट्टी नाही, पगाराची ठरलेली तारीख नाही. अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. त्यांचा जन्म १८४८ सालचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले ते कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या, ऐका. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार मिळावा.

यात यंत्र नको, असे कुठेही म्हटलेले नाही. घर सुटले, काम परक्याच्या दारी गेले, ते आता परत येणार नाही, हे त्या माणसांनी ओळखले होते. गेलेल्या वेळातला आपला वाटा तेवढा ते परत मागत होते. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्याने, आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास यांना सरकारी आधार मिळाला. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा रेटाही होता. मुंबईचा माल स्वस्त पडतो, तिथे कामाचे तास कमी झाले तर बरे, असा त्यांचा हिशेब. पण कायदा झाला, आणि तो कामगारांच्या उपयोगी पडला.

तरी गोष्ट तिथे संपली नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. दिवा आला की माणसाला वाटते, आता सुख होणार. पण सूर्य मावळल्यावर काम थांबवण्याचे कारणच उरले नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. मग पुन्हा तक्रारी, पुन्हा संप, पुन्हा चौकशी. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ ला ती अकरा झाली, १९३४ ला दहा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ तास व आठवड्याला ४८ तास ठरले. बारावरून नऊवर यायला सदतीस वर्षे लागली. यंत्रे मात्र त्या अवधीत किती वेगवान झाली, त्याचा हिशेब करा.

पुढची कथा तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यातले कित्येक कामावर परतलेच नाहीत. एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि जिथे साचे होते तिथे काचेच्या इमारती व बाजार उभे राहिले. कापड विणले जातच राहिले. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ सालीच आला होता. या छोट्या पत्र्याच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. कष्टाने मिळवलेले नऊ तास कारखाना लहान झाला की किती सहज निसटतात, हे तिथे दिसते. मिळालेली गोष्ट राखावीही लागते.

आता तुमच्या गावात चला. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा काय झाले? पहाटेचे जाते थांबले. जात्यावरच्या ओव्या मुक्या झाल्या, याची हळहळ आपण शहाणी माणसे करतो. पण जिने रोज पहाटे उठून पायलीभर दळले तिला विचारा. ती म्हणेल, ‘सुटले बाई!’ चरखा गेला तेव्हा शांतिपूरची बाई रडली, आणि जाते गेले तेव्हा आपली आजी सुखावली. दोन्ही बाईचीच कामे, दोन्ही घरातली. मग हा फरक का? कारण चरख्याने पैसा मिळत होता आणि तो गेला. जात्याने कष्टच मिळत होते आणि ते गेले. पिठाच्या गिरणीने वाचवलेला वेळ तिचा तिला मिळाला. मँचेस्टरच्या यंत्राने वाचवलेला वेळ भलत्याच्या पदरात पडला.

म्हणून मला वाटते, यंत्र चांगले की वाईट, असा वाद घालण्यात अर्थ नाही. आज गव्हाच्या शेतात कापणी आणि मळणी एकदम करणारे यंत्र उतरते, आणि दहा बायांचे काही दिवसांचे काम तासाभरात उरकते. शेतकऱ्याचा गहू अवकाळी पावसाच्या आधी घरी येतो, हे मोठेच सुख. पण त्या दहा बाया हंगामात मजुरी मिळवून वर्षाचे दाणे घरात टाकत. त्या कुठे गेल्या? कचेरीतले लिहिणे-हिशेब करणारी यंत्रे आली आहेत, आता तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रेही आली. प्रत्येक वेळी विचारण्याचा प्रश्न तोच आहे. या यंत्राने जो वेळ वाचला, तो कोणाच्या वाट्याला गेला?

शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारावे, ‘तुमच्या लहानपणी हाताने होणारे कोणते काम आता यंत्राने होते? ते काम पूर्वी कोण करी? तो माणूस पुढे काय करू लागला?’ मुले उत्तरे लिहून आणतील, त्यांत तुमच्या गावाचा इतिहास सापडेल. पुस्तकातला औद्योगिक बदल मग त्यांना परक्या देशाचा वाटणार नाही.

आणि येत्या रविवारी मुले खेळायला पळतील, तेव्हा त्यांना जाता जाता एवढे सांगा, की बाळांनो, गिरणीतल्या माणसांना हा वार भोंग्याने दिला नाही. तो साडेपाच हजार माणसांनी सह्या करून मागितला होता. त्यातल्या बहुतेकांना स्वतःचे नाव लिहायलाही शाळा मिळाली नव्हती.